तीन कॉर्ड्स आणि दीड वर्षाचा उशीर

1989 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ख्रिस आयझॅक या गायकाचा तिसरा अल्बम आला. त्यात ‘विकेड गेम’ नावाचं एक गाणं होतं. विषय जुनाच: जीव जिथे गुंतायला नको तिथेच गुंतलाय, समोरून काही मिळणार नाही हे कळतंय, आणि तरी सुटत नाही. गाणं वेगळं सिंगल म्हणूनही निघालं, पण फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढच्या वर्षी डेव्हिड लिंचच्या ‘वाइल्ड ॲट हार्ट’ या चित्रपटात ते वाजलं. अटलांटा शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर गाणी निवडणारा माणूस लिंचच्या चित्रपटांचा वेडा होता. त्याने ते केंद्रावर लावायला सुरुवात केली. 1991 च्या सुरुवातीला हेच गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर होतं.

मधल्या दीड वर्षात त्यातला एक सूरही बदलला नव्हता. मग बदललं काय?

अशा वेळी दोन उत्तरं तयारच असतात. एक, खरं सोनं आज ना उद्या चमकतंच. दुसरं, सगळा नशिबाचा खेळ आहे. दोन्ही उत्तरं देणाऱ्याला आपण फार अनुभवी असल्यासारखं वाटतं, आणि दोन्ही खोडून काढणं अवघड, कारण इतिहास एकदाच घडतो. 1989 साल पुन्हा सुरू करून, या खेपेला चित्रपट वगळून काय होतं ते पाहता येत नाही.

पण छोट्या प्रमाणावर ते करता येतं. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी ते केलं, आणि 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. त्यांनी कुणाच्या फारशा कानावर न पडलेल्या बँड्सची 48 गाणी गोळा केली आणि इंटरनेटवर ठेवली. 14,341 जणांनी ती ऐकली. गाणं ऐकायचं, एक ते पाच तारे द्यायचे, आवडलं तर उतरवून घ्यायचं, इतकंच काम. गंमत पुढे आहे. आलेल्या माणसांपैकी काहींना फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसत होतं. बाकीच्यांना, त्यांच्या नकळत, आठ वेगवेगळ्या ‘जगां’मध्ये वाटलेलं होतं. प्रत्येक जगात प्रत्येक गाण्यापुढे ते किती जणांनी उतरवून घेतलं याचा आकडा दिसायचा, पण तो फक्त त्या जगापुरता. आठही जगांची सुरुवात शून्यापासून. म्हणजे तोच इतिहास आठ वेळा.

आठही वेळा तो निराळा घडला. ‘52 मेट्रो’ या बँडचं ‘लॉकडाउन’ नावाचं एक गाणं त्यात होतं (नाव महासाथीच्या कितीतरी आधीचं, निव्वळ योगायोग). दुसऱ्यांची पसंती न दिसणाऱ्या श्रोत्यांनी त्याला 48 पैकी 26 वं ठरवलं, म्हणजे अगदी मधलं. एका जगात तेच पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात 40 वं.

नशीबवाल्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. सगळ्यांत चांगली ठरलेली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सगळ्यांत वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. शिवाय गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने एकाखाली एक मांडली, की वरचं आणखी वर जायचं आणि निकाल आणखी बेभरवशाचा व्हायचा. दोन वर्षांनी सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी याहून खोडसाळ प्रयोग केला. त्यांनी यादीच उलटी केली, तळाचं गाणं पहिलं म्हणून दाखवलं. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत ही खोटी प्रसिद्धी हळूहळू खरी झाली. अव्वल गाणी मात्र काळ गेला तशी पुन्हा वर सरकू लागली. पण एकूणच लोकांनी कमी गाणी उतरवून घेतली. वाईट गाणी पुढे ढकललेल्या बाजारात लोकांचा उत्साहच कमी झाला असावा.

म्हणून ‘विकेड गेम’सारख्या गाण्याबद्दल मला सोन्याचं उत्तर अपुरं वाटतं. चांगलं असणं ही फक्त पात्रता. पात्र ठरलेल्यांतून कोण वर येणार हे पहिल्या काही धक्क्यांवर ठरतं, आणि 1989 मध्ये या गाण्याला तो धक्का बसला नव्हता.

रेडिओचा धक्का म्हणजे प्रत्यक्षात पुन्हापुन्हा कानावर पडणं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवलं, की नुसती ओळख झाली तरी आवड वाढते. त्याने लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही एकदाच, काही 25 वेळांपर्यंत. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. त्या चिन्हांचा अर्थ कुणाला कळत नव्हता, आणि कळण्याची गरजही नव्हती.

संगीतात हे सरळ रेषेत चालत नाही, हे आपण सगळेच जाणतो. लग्नाच्या मांडवात तीच धून दहाव्यांदा वाजली की काय होतं ते सांगायला नको. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये यातला एक बारकावा पकडला. लक्ष देऊन ऐकलेलं संगीत आधी जास्त आवडत जातं आणि मग कंटाळा येतो. दुसऱ्या कामात असताना सहज कानावर पडलेलं संगीत मात्र ऐकावं तितकं अधिक आवडत राहतं, त्याला ती उतरण लागत नाही. गाडी चालवताना लावलेला रेडिओ आणि चित्रपटातल्या प्रसंगामागचं संगीत हे दोन्ही दुसऱ्या प्रकारात मोडतात. गाणं उशिरा रुजायला यापेक्षा बरी जमीन नाही.

आता गाण्याच्या आत शिरू. यात तीनच कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांचे गुच्छ, आहेत: बी मायनर एक आवर्तन, ए एक आवर्तन, ई दोन आवर्तनं. मग पुन्हा बी मायनर. बहुतेक पॉप गाण्यांत ध्रुवपद आलं की कॉर्ड्स बदलतात आणि कानाला दार उघडल्यासारखं वाटतं. इथे कडवं असो की ध्रुवपद, चक्र तेच. आणि या चक्राचं घर कोणतं ते कान ठामपणे सांगू शकत नाही. बी हा षड्ज धरला तर हे सूर आपल्या काफी थाटाचे होतात, गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. पण दोन आवर्तनं ताणून धरलेली ई कॉर्ड पाश्चात्त्य कानाला ‘आता ए वर जाऊन विसावा’ असं सांगत असते. आणि आपण जातो पुन्हा बी मायनरवर. समेवर येतोय असं वाटावं आणि गायकाने पुढचं आवर्तन सुरू करावं, तसं.

पेटी जवळ असेल तर वाजवून पाहा. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर बोट आपोआप ए कडे सरकू लागतं.

वर गिटार आहे, जेम्स कॅल्विन विल्सीची. इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीला एक दांडी असते, वादक तिला व्हॅमी बार म्हणतात. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की परत येतो. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून सूर फक्त अर्ध्या स्वराने उतरवायचा तरी ताण जवळजवळ 11 टक्क्यांनी कमी करावा लागतो. दिसायला नाजूक, पण तारेच्या दृष्टीने बरीच ओढाताण. कानाला ते ऐकू येतं उसाशासारखं. यामागेही कारण आहे. स्वीडनमधल्या पॅट्रिक यूस्लिन आणि पेत्री लाउक्का यांनी 2003 मध्ये बोलण्यातल्या भावनांवरचे 104 आणि वादन-गायनातल्या भावनांवरचे 41 अभ्यास शेजारी ठेवून तपासले. दुःखी माणूस हळू आणि हलक्या आवाजात बोलतो, त्याचा सूर खाली घसरत जातो. दुःखी वाटणारं संगीत नेमकं हेच करतं. गिटारला घसा नाही, पण घसरण आहे.

ध्रुवपदात आयझॅकचा आवाज एकदम वर उडी घेतो, फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीपेक्षा उंच, पातळ आवाजात. नेहमीच्या आवाजात स्वरतंतू जाडजूड राहून पूर्ण मिटतात आणि उघडतात. फॉल्सेटोत ते ताणले जाऊन पातळ होतात, त्यांच्या फक्त कडा कंप पावतात आणि मध्ये फट राहते. त्या फटीतून हवा निसटते, म्हणून आवाजात श्वास मिसळलेला ऐकू येतो. ताकद संपली तरी माणूस हात पुढे करतोच आहे, असं काहीसं. (शास्त्रज्ञ असं लिहीत नाहीत, मला लिहायला हरकत नाही.)

हे न मिळणारं ऐकायला गोड का लागतं? माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झाटोर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्या आठ जणांचे मेंदू तपासले होते. आवडता क्षण आला की मेंदूच्या एका भागात डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन वाढायचं, हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, तो क्षण येणार याची चाहूल लागताच, शेजारच्या दुसऱ्याच भागात, कॉडेटमध्ये, डोपामिन वाढायला लागलेलं असायचं. वाट पाहण्याची स्वतंत्र सोय मेंदूत आहे.

त्याच्याही आधी, 2003 मध्ये, वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवर केलेला प्रयोग मला यापेक्षा जास्त बोलका वाटतो. माकडांना चित्रं दाखवायची; एका चित्रानंतर रस नक्की मिळणार, एकानंतर मुळीच नाही, काहींनंतर कधी मिळेल कधी नाही. नक्की मिळणार असेल तर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी चित्र दिसताच क्षणभर उसळून शांत व्हायच्या. मिळणारच नसेल तर गप्प. पण शक्यता निम्मी-निम्मी असली, की निकालाच्या क्षणापर्यंत त्यांची लगबग चढतच जायची. ठाम होकार आणि ठाम नकार, दोन्ही मेंदूला स्वस्थ बसू देतात.

माकडाच्या रसापासून माणसाच्या प्रेमापर्यंत उडी लांबची आहे, हे कबूल. पण डोरोथी टेनोव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये एकतर्फी वेडासाठी ‘लिमरन्स’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याचं इंधन म्हणून त्यांनी हेच सांगितलं होतं: थोडी आशा आणि भरपूर अनिश्चितता. आणि 2010 मध्ये हेलन फिशर यांच्या गटाने नुकत्याच नाकारल्या गेलेल्या 15 तरुण-तरुणींना स्कॅनरमध्ये झोपवून त्या व्यक्तीचा फोटो दाखवला, तेव्हा मेंदूत बक्षिसाची ओढ आणि व्यसनाची तलफ यांच्याशी जोडलेले भाग जागे झाले. नकार येऊन सरासरी दोन महिने झाले होते, तरी जागेपणीचा बहुतेक वेळ त्याच माणसाच्या विचारात जातो, असं ही मंडळी सांगत होती. नातं संपल्याची बातमी या भागांपर्यंत पोचलेलीच नव्हती म्हणा.

स्वतः जळण्यात सुख नाही, पण त्याचं गाणं ऐकण्यात आहे. लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श यांनी 2014 मध्ये 772 जणांना विचारलं, की दुःखी संगीत ऐकताना काय वाटतं. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं, जुन्या आठवणींची हुरहुर होतं. आणि ते हवंसं का वाटतं याचं एक कारण, गाणं संपल्यावर खऱ्या आयुष्यात काहीही निस्तरावं लागत नाही.

उशिरा जागं होणं गाण्यांपुरतं नाही. नेदरलँड्सच्या ॲन्थनी व्हान रान यांनी 2004 मध्ये दुर्लक्षित राहून कित्येक वर्षांनी गाजलेल्या शोधनिबंधांना ‘निद्रिस्त सुंदरी’ म्हटलं. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध 1866 मध्ये छापला गेला आणि 1900 मध्ये जागा झाला, हे त्याचं शाळेतलं उदाहरण. 2015 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात जवळपास 2 कोटी 20 लाख निबंध चाळले गेले, तेव्हा दिसलं, की असे निबंध समजलं जातं तितके दुर्मीळ नाहीत, आणि त्यांना जागं करणारा हात पुष्कळदा दुसऱ्याच विषयातून आलेला असतो. अर्थात जे अजून झोपलेले आहेत त्यांची मोजणी या पद्धतीने होत नाही. 1989 मध्ये निघालेल्या आणि अटलांटापर्यंत न पोचलेल्या गाण्यांचीही नाही.

‘विकेड गेम’ला जागं करणारा हात सिनेमातून आला, आणि त्यात एक विचित्र गोष्ट आहे. लिंचने चित्रपटात वापरलं ते नुसतं वाद्यांवरचं रूप होतं. ते तीन कॉर्ड्सचं चक्र आणि घसरणारी गिटार एवढंच. आयझॅकचा आवाज नाही, प्रेमाबद्दल एक शब्द नाही. ते कुणाचं, कोणत्या अल्बममधलं, याच्या मागे लागून शब्दांसकटची तबकडी अटलांटाच्या केंद्रावर कुणीतरी लावावी लागली.