टेल: स्मॉल एफ की कॅपिटल एफ?

टेल ही फाइलीचा शेवटचा भाग दाखवणारी लिनक्सची कमांड. सर्व्हरवरचा चालू लॉग, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहीत जातो ती फाइल, बघायचा म्हटलं की बहुतेकांची बोटं आपसूक टेल, डॅश, स्मॉल एफ असं टाइप करून मोकळी होतात. शेवटच्या १० ओळी दिसतात आणि पुढे जे लिहिलं जाईल ते खाली उमटत राहतं. कॅपिटल एफ दिला तरी स्क्रीनवर हेच दिसतं. म्हणूनच दोन्ही एकच आहेत असा समज पक्का होतो, आणि दिवसभर तो खोटा ठरायचं कारणही नसतं. खरी गंमत सुरू होते लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग बाजूला सारून नवे सुरू करणारा प्रोग्राम, चालून गेल्यावर.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर लॉगरोटेट साधारणपणे दिवसातून एकदा चालतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) असेल तर त्या फाइलीचं नाव बदलून शेवटी .१ लावलं जातं, मूळ नावाने नवी रिकामी फाइल तयार होते आणि एनजिनएक्सला यूएसआर१ सिग्नल जातो: लॉग पुन्हा उघड. तो सिग्नल मिळेपर्यंत एनजिनएक्ससुद्धा जुन्याच फाइलीत लिहीत असतो. मग तो नव्या फाइलीकडे वळतो, पण आपली टेल वळत नाही. स्मॉल एफने फाइल एकदाच उघडलेली असते आणि लिनक्समध्ये उघडलेली फाइल नावाला नव्हे, आयनोडला (डिस्कवरच्या फाइलीची अंतर्गत ओळख) बांधलेली असते. नाव बदललं तरी आयनोड तोच, म्हणून टेल इमानेइतबारे .१ कडे बघत बसते. ना एरर, ना सूचना. आपल्याला वाटतं, आज ट्रॅफिक कमी दिसतंय. त्यापेक्षा सरळ बंद पडली असती तर परवडलं असतं.

कॅपिटल एफ नावावर नजर ठेवतो. तलाठ्याची बदली झाली तर स्मॉल एफ त्या माणसामागोमाग दुसऱ्या गावाला जाईल. कॅपिटल एफ कचेरीतच थांबेल आणि खुर्चीत जो नवा येईल त्याच्याकडे बघेल. जीएनयूच्या टेलमध्ये (लिनक्सवर सहसा हीच असते) कॅपिटल एफ हा 'फॉलो' ला 'नेम' ही किंमत देणं आणि 'रिट्राय' या दोन ऑप्शनांचा शॉर्टकट आहे. फाइल बदलली की तशी एक ओळ छापतो आणि नव्या फाइलीवरून पुढे सुरू. ॲपने लॉग अजून तयारच केला नसेल तरी वाट बघत राहतो. स्मॉल एफ तिथे 'नो सच फाइल' म्हणून बाहेर पडतो.

पटत नसेल तर दोन टर्मिनलांत एकाच फाइलीवर दोघांना लावा. तिसऱ्यातून एमव्ही करून फाइलीचं नाव बदला आणि इकोने मूळ नावाच्या फाइलीत एक ओळ टाका: ती फक्त कॅपिटल एफला दिसेल. आता तशीच एक ओळ नाव बदललेल्या जुन्या फाइलीत टाका. गप्प बसलेला स्मॉल एफ लगेच बोलेल.

मग काही टीममध्ये स्मॉल एफचा कधीच त्रास कसा होत नाही? तिथे बहुधा लॉगरोटेटच्या कॉन्फिगमध्ये 'कॉपीट्रंकेट' लिहिलेलं असतं. त्यात फाइलीची प्रत काढून मूळ फाइल जागेवरच रिकामी करतात. आयनोड बदलत नाही, आणि फाइल आखडली हे दोन्ही एफना कळतं. पण प्रत काढणं आणि रिकामी करणं यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात, त्यामुळे केवळ टेलच्या सोयीसाठी हा मार्ग धरू नये.

स्मॉल एफची एक खोड डिस्क भरल्यावर कळते. लॉग आरएमने उडवला तरी टेलने तो उघडा धरलेला असेल तर जागा सुटत नाही. डिस्कवरची मोकळी जागा सांगणारं डीएफ म्हणतं डिस्क फुल्ल, फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूच्या बेरजेत ती फाइल कुठेच नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफमध्ये नावापुढे 'डिलीटेड' दिसतं. अर्थात मूळ प्रोग्रामनेही फाइल धरून ठेवलेली असेल तर एकट्या टेलला मारून भागत नाही.

स्मॉल एफ अगदीच टाकाऊ नाही. एखादा प्रोग्राम .पार्ट नावाने फाइल लिहीत जातो आणि काम संपल्यावर नाव बदलतो, तिथे नावामागे लागलेला कॅपिटल एफ 'फाइल सापडत नाही' अशी कुरकुर करेल. स्मॉल एफ शेवटच्या ओळीपर्यंत सोबत राहील. रोज फिरणाऱ्या लॉगला मात्र डोळे झाकून कॅपिटल.

टेलऐवजी लेस (फाइल पानापानाने वाचायची कमांड) वापरणाऱ्यांनी जरा जपून. कंट्रोल-सी दाबून थांबता येतं, मागे जाऊन शोधता येतं, म्हणून लेसला प्लस कॅपिटल एफ देणं मलाही आवडतं. पण तिथला कॅपिटल एफ वागतो टेलच्या स्मॉल एफसारखा: नाव बदललं तरी जुन्याच फाइलीवर. सोबत 'फॉलो-नेम' हा ऑप्शन दिला तरच तो अधूनमधून नावाने फाइल पुन्हा उघडून बघतो.