परमवीर चक्र केवळ मरणोत्तर मिळते का?

चर्चगेटच्या लोकलपासून दादरच्या कट्ट्यापर्यंत कोणीतरी हमखास सांगतो की परमवीर चक्र हुतात्म्यांनाच दिले जाते. हे खरे नाही. आजवरच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले, तर 7 जणांना हयातीत. निकष अतुलनीय शौर्याचा आहे, मृत्यूचा नव्हे.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचेच उदाहरण घ्या. एप्रिल 1948 मध्ये बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातील एका तुकडीचे, हे अधिकारी नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग काढत होते. तोफगोळ्याने मांडी जखमी झाली असतानाही ते रणगाड्याखाली, त्याच्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत सरपटत राहिले आणि दोराच्या इशाऱ्यांनी चालकाला सुरुंग चुकवत पुढे नेत गेले. पदक मिळाल्यानंतर ते 1994 पर्यंत जगले. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय नौवहन महामंडळाने एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते, तरी ते इथल्या फारच थोड्यांना ठाऊक असावे.

गैरसमजाचे मूळ बहुधा पहिल्याच पदकात आहे: मेजर सोमनाथ शर्मा यांना ते मरणोत्तर मिळाले. मेजर धनसिंग थापा यांचा सन्मान तर 1962 मध्ये मरणोत्तर म्हणून जाहीर झाला आणि ते युद्धकैदी म्हणून जिवंत असल्याचे नंतर कळले.