प्लेऑफ वेळापत्रक, नॅशनल फुटबॉल लीगचे

नॅशनल फुटबॉल लीग या अमेरिकेतील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल (अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा व फेकण्याचा खेळ) संघटनेच्या हंगामाअखेर होणाऱ्या बाद फेऱ्यांची तारीखवार आखणी आणि त्यातील सामने सुरू होण्याच्या वेळा. लीगमध्ये ३२ संघ असून साखळी टप्प्यात प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. त्यानंतर १४ संघ वाइल्ड कार्ड, डिव्हिजनल, कॉन्फरन्स (लीगच्या दोन गटांपैकी एक) अजिंक्यपद आणि सुपर बोल (अंतिम सामना) अशा चार फेऱ्या खेळतात. प्रत्येक जोडीत एकच सामना होतो व हरलेला संघ बाहेर पडतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होणारा हा क्रम फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी संपतो.

लीगचा पहिला प्लेऑफ सामना कोणता, यावर एकमत नाही. लीग १९२० मध्ये स्थापन झाली, पण पहिली तेरा वर्षे अंतिम सामना अशी व्यवस्था नव्हती. विजयांच्या टक्केवारीवर विजेता ठरे आणि बरोबरीत सुटलेले सामने हिशोबात धरले जात नसत. वेळापत्रकही बांधीव नव्हते. १९२५ मध्ये शिकागो कार्डिनल्सने हंगामाच्या शेवटी घाईघाईने दोन जादा सामने जुळवून घेतले व पॉट्सव्हिल मरून्सबरोबरचा त्यांचा विजेतेपदाचा वाद आजही मिटलेला नाही. १९३२ मध्ये शिकागो बेअर्स (६ विजय, १ पराभव, ६ बरोबरी) आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स (६ विजय, १ पराभव, ४ बरोबरी) यांची टक्केवारी समान निघाली, म्हणून एक जादा सामना ठरला. कडाक्याची थंडी आणि बर्फ यांमुळे १८ डिसेंबर १९३२ रोजी तो शिकागो स्टेडियम या बंदिस्त सभागृहात, केवळ ८० यार्ड लांबीच्या मैदानावर खेळवला गेला. पोर्ट्समथचा प्रमुख खेळाडू डच क्लार्क कोलोरॅडोत बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या नोकरीवर रुजू झाल्याने खेळू शकला नाही. बेअर्स ९–० ने जिंकले. निर्णायक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) ब्राँको नगुर्स्कीच्या फेकीवर रेड ग्रेंजने केला. फेक करणारा डावाच्या आरंभरेषेमागे किमान पाच यार्ड असावा, असा तेव्हा नियम होता. नगुर्स्की तेवढा मागे नव्हता, अशी पोर्ट्समथची तक्रार होती. पुढच्याच वर्षी हा नियम काढून टाकण्यात आला.

या सामन्याला अनेक लेखक पहिला प्लेऑफ म्हणतात. परंतु त्याचा निकाल साखळीच्या तक्त्यात धरला गेला आणि त्या एका पराभवाने पोर्ट्समथची टक्केवारी घसरून संघ ग्रीन बे पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या स्थानावर गेला. अंतिम सामना हरणारा संघ उपविजेता ठरतो, तिसरा नव्हे. म्हणून १९३२ चा सामना साखळीचाच मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या हिशोबाने प्रथेचा आरंभ १७ डिसेंबर १९३३ रोजी होतो. लीगचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग झाल्यानंतर त्या दिवशी शिकागोच्या रिग्ली फील्डवर बेअर्सने न्यूयॉर्क जायंट्सला २३–२१ असे हरवले. रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत प्रकाशझोत नव्हते, तेव्हा तेथील सामने दिवसाउजेडीच होत.

पुढील वाढ थोडक्यात अशी. १९४१ मध्ये विभागातील बरोबरी फोडण्यासाठी पहिला विभागीय प्लेऑफ झाला. अमेरिकन फुटबॉल लीग या प्रतिस्पर्धी संघटनेशी झालेल्या करारातून १५ जानेवारी १९६७ रोजी पहिला सुपर बोल झाला. या दोन लीगच्या १९७० मधील विलीनीकरणानंतर ८, १९७८ पासून १०, १९९० पासून १२ आणि २०२० पासून १४ संघ पात्र ठरू लागले. आता प्रत्येक कॉन्फरन्समधील केवळ अव्वल मानांकित संघाला पहिल्या फेरीत विश्रांती मिळते.

यजमानपद मानांकनानुसार देण्याची पद्धत १९७५ ची. त्याआधी ते विभागांमध्ये आळीपाळीने फिरे. परिणामी १९७२ मध्ये चौदाही सामने जिंकलेल्या मायामी डॉल्फिन्सना कॉन्फरन्सचा अंतिम सामना पिट्सबर्गला जाऊन खेळावा लागला. हंगामभराच्या कामगिरीला त्या व्यवस्थेत किंमत नव्हती. मानांकनाचा बदल लीगच्या सर्वांत न्याय्य सुधारणांपैकी एक होय. नव्या पद्धतीने वेळापत्रकाचे काम मात्र अवघड केले. प्लेऑफच्या जोड्या शेवटपर्यंत पक्क्या नसतात. प्रत्येक फेरीनंतर उरलेल्यांतील सर्वांत वरच्या मानांकनाची गाठ सर्वांत खालच्या मानांकनाशी पडते. त्यामुळे दिवस आणि वेळेचे रकाने आधी ठरतात, संघ नंतर भरले जातात.

शनिवारच्या सामन्यांमागे कायद्याचे कारण आहे. प्रक्षेपणाचे हक्क सर्व संघांच्या वतीने एकत्र विकण्याची मुभा लीगला १९६१ च्या कायद्याने मिळाली. महाविद्यालयीन व शालेय फुटबॉलच्या रक्षणासाठी ही सवलत सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी लागू होत नाही. प्लेऑफ येईपर्यंत हा निर्बंध संपलेला असतो. नाताळाची अडचण वेगळी होती. २५ डिसेंबर १९७१ रोजी कॅन्सस सिटी–मायामी सामना ८२ मिनिटे ४० सेकंद इतका खेळ होईपर्यंत लांबला. लीगच्या इतिहासातील हा सर्वांत दीर्घ सामना. सणाच्या जेवणाचा विचका झाल्याच्या तक्रारी आल्या. १९७७ मध्ये नाताळ रविवारी आला, तेव्हा सामने २४ व २६ डिसेंबरला विभागण्यात आले.

सर्व वेळा पूर्व अमेरिकी प्रमाणवेळेनुसार जाहीर होतात. अलीकडच्या हंगामांत वाइल्ड कार्ड फेरीचे सामने शनिवारी दुपारी ४.३० व रात्री ८ च्या सुमारास, रविवारी दुपारी १, ४.३० व रात्री ८ च्या सुमारास, आणि सोमवारी रात्री अशा रकान्यांत होतात. सोमवारचा रकाना जानेवारी २०२२ पासूनचा. कॉन्फरन्स अजिंक्यपदाचे दोन्ही सामने रविवारी दुपारी ३ आणि सायंकाळी ६.३० वाजता, तर सुपर बोल सायंकाळी ६.३० वाजता सुरू होतो. लॉस एंजेलिसचे घड्याळ तीन तास मागे असल्याने पश्चिम किनाऱ्यावरील यजमानांना दुपारी १ चा रकाना सहसा दिला जात नाही. तेथे तेव्हा सकाळचे १० वाजलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू नसल्यामुळे भारतीय वेळ पूर्व अमेरिकेच्या नेमकी साडेदहा तास पुढे असते. दुपारी १ चा सामना भारतात त्याच रात्री ११.३० ला, ४.३० चा दुसऱ्या दिवशी पहाटे ३ ला आणि सुपर बोल सोमवारी पहाटे ५ ला सुरू होतो.

रात्रीच्या वेळा प्रक्षेपणासाठी लाभदायक असल्या, तरी उघड्या मैदानावर त्या खेळाडूंना व प्रेक्षकांना सोसाव्या लागतात. १३ जानेवारी २०२४ च्या रात्री कॅन्सस सिटीत सामना सुरू झाला तेव्हा तापमान उणे २० अंश सेल्सियस होते. हाच सामना केवळ इंटरनेटवरून प्रक्षेपित झालेला पहिला प्लेऑफ सामना होय. हवामानामुळे ठरलेली वेळ बदलल्याची उदाहरणे मोजकी आहेत. जानेवारी २०१७ मध्ये कॅन्सस सिटीतील हिमवादळाच्या इशाऱ्यामुळे पिट्सबर्गविरुद्धचा सामना दुपारवरून रात्री नेला. जानेवारी २०२४ मध्ये बफलोतील हिमवर्षावामुळे तेथील सामना रविवारवरून सोमवारी ढकलला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील वणव्यांमुळे रॅम्स–वायकिंग्ज सामना ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे हलवला. त्याचा दिवस, सोमवार, कायम राहिला.