विक्का, चेटूक आणि लोकसमज (गोव्याच्या संदर्भात)

विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आकाराला आलेला निसर्गपूजक धर्म असून चेटूक, करणी किंवा गोव्यात जिला देवस्की म्हणतात त्या कल्पनांशी त्याची सर्रास गल्लत केली जाते. ही गल्लत दूरदेशीच्या एका लहान पंथापुरती असती तर तिची दखल दोन ओळींत घेऊन भागले असते. परंतु ज्या प्रदेशात परक्याच्या पूजेला सैतानाची पूजा ठरवून शिक्षा देणारे न्यायपीठ अडीचशे वर्षे नांदले आणि जिथे शेजारणीवर देवस्कीचा संशय आजही दबक्या आवाजात घेतला जातो, त्या गोव्यात हा विषय घरचाच ठरतो. माणसाने स्वतःहून स्वीकारलेली श्रद्धा आणि दुसऱ्याने त्याच्यावर लादलेला आरोप यांतील फरक न ओळखणे, हे या सगळ्या गैरसमजाचे मूळ आहे.

विक्काचा प्रसार जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी केला. ब्रिटिश मलायातील कस्टम खात्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले आणि १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली असे पुढे सांगू लागले. इंग्लंडमध्ये तेव्हा १७३५ चा चेटूकविषयक कायदा लागू होता. त्या कायद्याने चेटूक खरे असते हे मानणे सोडून दिले होते आणि चेटूक येत असल्याचे ढोंग करून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवला होता. १९५१ मध्ये तो रद्द झाला, आणि १९५४ मध्ये गार्डनर यांनी आपल्या पंथाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पंथाच्या प्रार्थनांना आजचे रूप देण्यात डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) यांचा मोठा वाटा आहे.

या पंथात देवी आणि शिंगे असलेला देव अशा दोन रूपांत निसर्गशक्तीची उपासना होते. अयनदिन, संपातदिन आणि त्यांच्या मधले चार दिवस मिळून वर्षाचे आठ सण पाळले जातात. त्यांतला ३१ ऑक्टोबरच्या सुमाराचा सण पूर्वजांच्या स्मरणाचा असतो. पौर्णिमेला मंडळ एकत्र जमते. कोणाचेही अहित होत नसेल तर मनाप्रमाणे वागावे, हा त्यांचा मुख्य नीतिनियम आहे, आणि केलेले बरेवाईट तिप्पट होऊन आपल्याकडेच परतते असे त्यांच्यातील बरेच जण मानतात. मंत्रतंत्राने इच्छित फळ मिळते ही त्यांची श्रद्धा आहे. त्याला विज्ञानाचा आधार नाही, हेही स्पष्ट नोंदवले पाहिजे. मात्र नवस फेडणाऱ्या, कौल घेणाऱ्या किंवा नोवेना (नऊ दिवसांची ख्रिस्ती प्रार्थना) करणाऱ्या माणसाच्या श्रद्धेहून ती जातकुळीने वेगळी नाही.

विक्काच्या देवमंडळात सैतान नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मविचारातील कल्पना असून त्याची उपासना करायची तर आधी तो धर्मविचार मान्य करावा लागतो. शिंगांच्या देवात लोकांना सैतान दिसला, वर्तुळातल्या पंचकोनी ताऱ्यात जारणमारणाची खूण दिसली, आणि रात्री जमणाऱ्या मंडळाच्या गुप्ततेने उरलेले काम केले. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अँटन लाव्हे यांनी सैतानाच्या नावाने जी संघटना काढली तिचा विक्काशी संबंध नाही. तरीही दोन्ही नावे एकाच दमात घेतली जातात. १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजेच्या विधींत मुलांचा छळ होतो अशी आवई उठली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचा खटला १९८३ मधील आरोपांपासून १९९० पर्यंत चालला आणि त्यात एकही आरोप सिद्ध झाला नाही. या काळात विक्का मानणाऱ्यांवर संशयाची दाट सावली पडली. त्याच देशात १९८६ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचे मान्य केले, आणि २००७ पासून दिवंगत सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिलांवर त्यांचा पंचकोनी तारा कोरण्यास परवानगी मिळाली. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका सैनिकाच्या पत्नीला त्यासाठी भांडावे लागले होते.

विक्काच्या अनुयायांनीही काही चुकीच्या गोष्टी पसरवल्या. युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या स्त्रिया एका प्राचीन गुप्त धर्माच्या उपासक होत्या, ही मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलेली उपपत्ती इतिहासकारांनी फेटाळली आहे. नव्वद लाख स्त्रियांचे बळी गेले हा आकडाही निराधार आहे. १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत साधारण ४० ते ६० हजार माणसांना देहदंड झाला, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि जवळपास सगळे बळी स्वतः ख्रिस्ती होते. अन्यायाची भीषणता दाखवायला खरा आकडा पुरेसा आहे. फुगवलेल्या आकड्याने पीडितांची बाजू दुबळीच होते.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज अमलातील ख्रिस्ती धर्मन्यायपीठ, १५६० मध्ये आले आणि १७७४ नंतरचा काही वर्षांचा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत टिकले. युरोपच्या उत्तरेकडे जसा चेटकिणींचा शोध चालला तसा येथे चालला नाही. या न्यायपीठाचा मुख्य रोख धर्मांतरितांच्या घरात उरलेल्या जुन्या आचारांवर होता. त्याआधी आणि त्या काळात तिसवाडी, बारदेश व सासष्टीतील देवळे पाडली गेली. भाविकांनी मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा या देवता रातोरात खाडी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेल्या. १७३६ चे फर्मान वाचले की चौकशीची नजर घराच्या किती आत पोचली होती हे कळते. त्यात दारात तुळस लावण्याला बंदी आहे, पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी घालण्याला बंदी आहे, लग्नात पानविडे व फुले पाठवण्याला आणि ओव्या गाण्याला बंदी आहे, एवढेच काय, हिंदूंच्या रीतीने मीठ न घालता भात शिजवण्यालाही बंदी आहे. चुलीवरच्या भातात मीठ कधी पडले यावरून माणसाचे इमान ठरवले जात होते. प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये या इतिहासाची साधार मांडणी केली.

याच काळात गावाच्या राखणदाराचेही रूप पालटवले गेले. खांद्यावर कांबळे, हातात काठी आणि पायी वहाणा अशा वेषात देवचार रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, ही गोव्याच्या खेड्यांतील श्रद्धा आहे. कोणी त्याला रोट ठेवतो, कोणी दारू आणि विडी, कोणी चामड्याच्या वहाणा. पण मिशनऱ्यांच्या कोंकणी धर्मशिक्षणात देवचार हेच सैतानाचे नाव झाले, आणि आजही गोव्यातील ख्रिस्ती माणूस तो शब्द त्याच अर्थाने वापरतो. युरोपातील शिंगांच्या देवाचे जे झाले तेच येथे राखणदाराचे झाले. हे साम्य लक्षात घेतले तर विक्काविषयीच्या अपप्रचाराकडे गोमंतकीय वाचकाला परका म्हणून पाहता येणार नाही.

देवळात कौल लावताना मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि उजवी पाकळी पडली की डावी यावर उत्तर घेतात. डिचोली तालुक्यातील साळ गावात शिमग्याच्या रात्री गडे, म्हणजे व्रतस्थ पुरुष, देवचाराच्या मागे रानात धावतात, आणि हजारो लोक ते पाहायला जमतात. मुलाला दृष्ट लागली की मीठ आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरून चुलीत टाकण्याची रीत हिंदू घरांत आहे तशी ख्रिस्ती घरांतही आहे. तिथे आजी ओठांत येशूची प्रार्थना पुटपुटते, इतकाच भेद. गावच्या दृष्टीने यांतले काहीही चेटूक नाही. बाहेरून आलेल्याला मात्र हे सगळे चेटूकच वाटते.

गोव्याच्या सलोख्याचे दाखले पुष्कळ आहेत आणि ते खरे आहेत. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता) आणि शिरगावची देवी लईराई या लोककथेतल्या सात बहिणींपैकी दोघी मानल्या जातात, आणि मिलाग्रीसच्या फेस्ताला (वार्षिक उत्सवाला) हिंदू भाविक तेल घेऊन रांगेत उभे राहतात. फातर्प्याला असलेल्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या छत्र्योत्सवात कुंकळ्ळीच्या बारा वांगडांचा (कुळगटांचा) मान असून त्यांत ख्रिस्ती कुळेही आहेत. परंतु हा सलोखा ओळखीच्या देवांपुरता पुरतो, अनोळखी आचारापुढे तो अडखळतो, असे या नोंदीचे मत आहे.

याचे साधे उदाहरण तिठ्यावर दिसते. एखाद्या घरात मूल सतत आजारी पडते, म्हणून घाड्याच्या (गावातील देवऋषीच्या) सांगण्यावरून घरची माणसे अमावास्येच्या रात्री नारळ, लिंबू, पिंजर (कुंकू) आणि थोडा भात तिठ्यावर ठेवून मागे न बघता परततात. हा उतारा. त्यामागे भीती असते, आजाऱ्याची काळजी असते. सकाळी तिथून जाणाऱ्याला मात्र तो आपल्यावर केलेला घाला वाटतो. मग हे कोणी ठेवले याचा शोध सुरू होतो आणि बोट बहुधा एकट्या राहणाऱ्या बाईकडे, विधवेकडे किंवा जमिनीच्या वादातल्या भाऊबंदाकडे वळते. तिच्याकडचे पाणी पिणे बंद होते, मुलांना तिच्या अंगणात जाऊ देत नाहीत. तिने काहीही केलेले नसते, आणि न केलेल्या गोष्टीचा पुरावा तिला देता येत नाही. अशा वेळी आजारी मुलाला डॉक्टरकडे नेणे आणि त्या बाईच्या अंगणात पूर्वीसारखे जात राहणे, दोन्ही तितकेच निकडीचे असते.

देशाच्या अन्य भागांत या संशयाने जीव घेतले आहेत. झारखंडच्या छुटनी महातो यांना १९९५ मध्ये डायन ठरवून छळण्यात आले. पुढे त्यांनी अशाच स्त्रियांना आधार दिला आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी आसामच्या बिरुबाला राभा यांचाही असाच गौरव झाला. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये आणि छत्तीसगडने २००५ मध्ये अशा छळाविरुद्ध कायदे केले. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात आपण विक्का मानतो असे जाहीरपणे सांगितले, ते याच देशात. एकीने स्वतः घेतलेली ओळख आणि दुसरीवर दगडांसह फेकलेला शिक्का यांना वृत्तपत्रांनी पुष्कळदा एकाच मथळ्याखाली बसवले, ही खेदाची गोष्ट आहे.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर गोव्यातील हिंदूंना नागरी समानता मिळाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर येथे भारतीय संविधान लागू झाले. त्याच्या २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून सदसद्विवेकाचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते केवळ नागरिकांना नसून सर्व व्यक्तींना आहे, त्यामुळे हणजुण किंवा हरमलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या परदेशी माणसाच्या पौर्णिमेच्या पूजेलाही तेच संरक्षण मिळते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे अवघड करणे ही कृत्ये त्याने गुन्हा ठरवली आणि पूजाअर्चा, वारी, कीर्तन यांना स्पष्टपणे वगळले. हा कायदा पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, सिंधुदुर्गात लागू आहे, गोव्यात नाही. गोव्यात देवस्कीचा आळ घेऊन कोणाला धमकावले, बदनाम केले किंवा मारले, तर तक्रार भारतीय न्याय संहितेच्या सर्वसाधारण कलमांखाली पोलीस ठाण्यात नोंदवावी लागते.