ज्याला खटकतं, तो दुरुस्त करत नाही

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर नवखा माणूस अडखळतो तो बरेचदा पासवर्डपाशी. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘सुडो’ची (प्रशासकाच्या अधिकाराने काम करायची) आज्ञा दिली की पासवर्ड विचारला जातो. आपण टाइप करू लागतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ना अक्षर, ना ठिपका. कीबोर्ड बिघडला की काय? नाही, पासवर्ड किती अक्षरी आहे हेही मागे उभ्या असलेल्याला कळू नये, म्हणून ही काळजी. पण हे नवख्याला कुणी सांगितलेलं नसतं. अक्षरागणिक तारका दाखवायची सोय ‘सुडो’मध्ये आहे, सेटिंगची एक ओळ घातली की झालं. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका आवृत्तीने ती आधीच घालून ठेवली आहे. इतर अनेक आवृत्त्यांनी वर्षानुवर्षं घातली नाही, कारण ज्यांच्या हातात ते होतं त्यांना त्यात काही खटकतच नव्हतं.

खरी गोम इथेच आहे. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला तो स्वतःच्या पीसीसाठी. पुढे जगभरातले लोक येऊन मिळाले आणि जो तो आपल्याला नडलेली गोष्ट दुरुस्त करत गेला. सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी ही पद्धत झकास चालली, कारण तिथे घडवणारे आणि वापरणारे बरेचसे एकच. घरी पत्र लिहिणाऱ्या, फोटो लावणाऱ्या माणसाची अडचण मात्र प्रोग्रामरला येत नाही. आणि ज्याला येते त्याला ती नेमक्या शब्दांत मांडता येत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे अशा माणसाला संगणकापुढे बसवायचं आणि आपण तोंड मिटून बघत राहायचं. २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची (पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, पट्ट्या यांची) अशी चाचणी घेतली. त्या काळच्या ग्नोममध्ये पॅनेलवर लावायची घड्याळंच अनेक होती, प्रत्येक कुणीतरी हौसेने लिहिलेलं. निवडायचं कुठलं, हे कोण सांगणार? २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ ने पर्यायांना कात्री लावली आणि जुने वापरकर्ते खवळले. ग्नोमच्या हॅवॉक पेनिंग्टनने तेव्हा मांडलेला मुद्दा मला आजही पटतो: प्रत्येक पर्यायाची किंमत मोजावी लागते. साधा हिशोब करा. हो-नाही स्वरूपाचे दहा पर्याय ठेवले की प्रणालीची १०२४ रूपं होतात, आणि तेवढी कुणीच तपासून बघत नाही. कात्री काही ठिकाणी जरा जास्तच चालली, हेही खरं.

पण बटणं आवरली की काम संपलं असं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या व्हिडिओत लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सच्या आवृत्तीवर स्टीम हे खेळांचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. माउसने क्लिक करून जमेना, म्हणून तो टर्मिनलकडे वळला. लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजांच्या रूपात येतं आणि एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असतं; त्या अवलंबनात घोळ झालेला होता. स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपच काढावा लागेल, असा निष्कर्ष प्रणालीने काढला. काय काय काढलं जाईल याची लांबलचक यादी आली, खाली धोक्याची सूचना आली, आणि पुढे जायचं तर ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ (हो, मी सांगतो तसं कर!) असं टाइप करा म्हणून सांगितलं गेलं. त्याने केलं. डेस्कटॉप गायब!

‘सूचना वाचायची नाही का?’ म्हणून अनेकांनी त्यालाच झोडपलं. मला हे अन्यायाचं वाटतं. खेळ बसवायला निघालेल्या माणसाने पॅकेजांची नावं वाचून त्यातलं डेस्कटॉपचं कुठलं हे ओळखावं, ही अपेक्षाच चूक. आणि वाक्य टाइप करायला लावलं म्हणजे माणूस विचार करतो असंही नाही. नवख्याला ती इन्स्टॉलेशनची आणखी एक पायरी वाटते. एपीटी या पॅकेज-व्यवस्थेच्या कर्त्यांनी नंतर ही वाटच बंद केली. आता असं वाक्य लिहून अत्यावश्यक पॅकेज काढता येत नाही, त्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

बारीकसारीक त्रासांसाठी उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीने २००९ मध्ये ‘वन हंड्रेड पेपरकट्स’ (कागदाने कापल्यासारखे शंभर बारीक त्रास) ही मोहीम काढली होती. दोष सामान्य वापरकर्त्याला सहज भेटणारा हवा आणि एका दिवसात सुटणारा हवा, एवढीच अट. असल्या कामाला एरवी कुणी हात लावत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नसतं.

यातलं सगळं साधलं तरी इन्स्टॉलेशन उरतंच. बहुतेक माणसं आयुष्यात एकदाही ऑपरेटिंग सिस्टिम बसवत नाहीत; यंत्रासोबत जी येते ती वापरतात. अँड्रॉइड फोन, क्रोमबुक, २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र, या सगळ्यांत लिनक्सचाच कर्नल आहे, आणि तिथे वापरणाऱ्याला डिस्कचे भाग पाडावे लागत नाहीत की वायफायचा ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.