जुन्या पद्मिनीत रेसिंग इंजिन: एक खुलासा

पुण्यातल्या गॅरेजांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: जुन्या प्रीमियर पद्मिनीत रेसिंग इंजिन बसवलं की रेस कार तयार. तसं होत नाही. तिचं मूळ इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवरच्या आसपास. ड्रम ब्रेकही त्याच हिशेबाने दिलेले. ताकद तिप्पट केली तर ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, रेडिएटर सगळं बदलावं लागतं, बॉडीलाही आतून बळकटी द्यावी लागते. खरी कारागिरी इथेच आहे, आणि तिचं कौतुक फार कमी होतं. शिवाय रेसिंग इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन खूप वेगाने फिरत असताना मिळते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत ते नुसतं तापतं.

‘आरटीओत नोंद केली की झालं’ हेही चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अशी गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची.