हातपाय उलणे आणि कोरड्या त्वचेची निगा (ग्रामीण विदर्भ)

थंडी पडली की त्वचा कोरडी पडून पांढुरकी होते, तिला बारीक चिरा जातात आणि खाज सुटते. विदर्भाच्या खेड्यांत याला ‘हातपाय उलणे’ म्हणतात. पोटरीवर नखाने रेघ ओढली आणि पाटीवर लेखणी फिरवावी तशी पांढरी उमटली, की हातपाय उलले. ही त्याची घरगुती परीक्षा. अशा त्वचेसाठी अंग धुवायला काय घ्यावे आणि अंगाला काय लावावे, हा या नोंदीचा विषय आहे. बहुतेक जण मलमाच्या डबीपासून सुरुवात करतात. खरे तर ती न्हाणीतल्या साबणापासून करायला हवी, कारण रोज सकाळी साबण जे काढून नेतो ते मलमाने भरून काढणे महागात पडते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या पेशींमध्ये स्निग्ध द्रव्यांचे लिंपण असते. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कूड उभा असला तरी त्यावरची माती गळाली की वारा आरपार जातो. त्वचेचेही तसेच आहे. लिंपण पातळ झाले की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचा साबण, धूळ, घाम आत जाऊन चुरचुर करतो. म्हणून कोरडी त्वचा आणि संवेदनशील त्वचा या दोन तक्रारी बहुधा जोडीने येतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, म्हणून तो अशा त्वचेला मानवत नाही. पोटऱ्यांवर तैलग्रंथी कमी असतात, म्हणून उलण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. वयाबरोबर त्वचेतले तेल घटते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना जास्त त्रास होतो.

विदर्भाची हवा समुद्रापासून दूर असल्याने कोरडी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण तेव्हा घाम असतो आणि घरोघरी कूलर ओली हवा फेकत असतो. खरा त्रास डिसेंबर-जानेवारीत. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. उघड्या शिवारात रात्री ओलितावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्याला असा गारठा कसा लागतो ते वेगळे सांगायला नको. त्यात पाण्याचा प्रश्न. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, खारपाण पट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा प्रदेश, पसरलेला आहे. क्षारयुक्त पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण चोळतो. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो अंगावरच राहतो. अशा गावात चांगल्यातला चांगला साबणही थोडाच वापरावा आणि शेवटचे दोन तांबे जमल्यास साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याचे घ्यावेत.

साबणाच्या वेष्टनावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्यावर ‘टॉयलेट सोप’ लिहिले आहे की ‘बेदिंग बार’. दुसरी, टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण. भारतीय मानकानुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत ते किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० टक्के असावे लागते. बेदिंग बारला ४० टक्केही चालते. टीएफएम जास्त म्हणजे भरताड कमी. पण सामू त्यानेही उतरत नाही, ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. त्वचा फारच नाजूक असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी सिंडेट वडी घ्यावी. ती साबणासारखी दिसते, पण तेल आणि कॉस्टिकपासून केलेली नसते, कृत्रिम सौम्य क्षालकाची असते. १९५७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला डव्ह याच जातीचा. ती महाग असते आणि ओल्या साबणदाणीत लवकर विरघळते, म्हणून तुकडे करून एकेक वापरावा. बाटलीतला बॉडी वॉशही चालतो, मात्र फेस जितका भरभरून तितका तो त्वचेला कडक असण्याचा संभव जास्त.

कपड्याच्या वडीने अंघोळ उरकण्याची सवय अजून पुष्कळ घरांत आहे, विशेषतः शेतातून आलेल्या पुरुषमंडळींत. तिच्यातला सोडा कपड्याच्या मळासाठी असतो. उललेल्या अंगाला इतके वाईट दुसरे काही नाही. बादलीत जंतुनाशकाचे झाकण ओतणेही रोजच्या अंघोळीसाठी अनावश्यक आणि चुरचुर वाढवणारे. बेसन साबणापेक्षा सौम्य, पण खसखसून चोळले तर तेही ओरबाडते. साबण काखा, जांघा आणि पायांपुरता ठेवावा. हातांना व पोटऱ्यांना हिवाळ्यात नुसते पाणी पुरते. चुलीवरच्या गंजातले (पातेल्यातले) कढत पाणी अंगावर घेताना सुख वाटते खरे, पण तेच तेल वितळवून नेते. पाणी कोमट असावे आणि अंघोळ दहा मिनिटांत आटोपावी.

लावायच्या पदार्थांत तीन प्रकारची द्रव्ये असतात. ग्लिसरीन आणि युरिया पाणी ओढून धरतात, तेले व चरब्या खडबडीतपणा मऊ करतात, तर पेट्रोलियम जेली, मेण व लिक्विड पॅराफिन वरून झाकण घालतात. पाण्याची वाफ अडवण्यात पेट्रोलियम जेलीइतके प्रभावी क्वचितच काही असेल, आणि वास-रंग नसलेली साधी पांढरी जेली मेडिकलमध्ये स्वस्तही मिळते. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनज्ञाने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. तेलविहिरींवरचे मजूर यंत्राला चिकटणारे मेणचट द्रव्य जखमांना लावतात, हे पाहून त्याला ती सुचली होती. ग्लिसरीन निव्वळ लावू नये. हवा कोरडी असली की ते त्वचेच्या आतलेच पाणी ओढते. ओल्या अंगावर, पाणी मिसळून लावावे आणि वरून तेलाचा हात फिरवावा. युरिया ५ ते १० टक्क्यांचा असेल तर पोटऱ्यांना आणि जाड झालेल्या तळपायांना उत्तम, पण चिरलेल्या जागी झोंबतो आणि लहान मुलांना तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

प्रमाणाचा हिशेब कोणी करत नाही. मोठ्या माणसाचे सगळे अंग एकदा माखायला सुमारे ३० ग्रॅम क्रीम लागते, म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब तीन दिवस. किराणा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळेतली एक पुडी दोन हातांनाही जेमतेम पुरते. म्हणून क्रीम चेहरा आणि हातांना, जेली पोटऱ्या व टाचांना आणि बाकी अंगाला घरचे तेल, अशी वाटणी परवडते. अंघोळीनंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच तीनेक मिनिटांत लावले तर कमी मालात काम भागते.

घरच्या तेलांत करडईचे आणि सूर्यफुलाचे सरस, कारण त्यांत लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या लिंपणाला उपयोगी पडते. तीळ व खोबरेलही चांगले. पूर्व विदर्भात, गडचिरोली-गोंदियाकडे, मोहाच्या बियांचे म्हणजे मोहटोळीचे तेल वापरतात; गारठ्यात ते तुपासारखे थिजते आणि तळहातावर चोळले की विरघळते. ऑलिव्ह तेलाचा शहरी थाट इथे आणण्याची गरज नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याने मोठ्या माणसांच्या त्वचेचा वरचा थर कमजोर झाला होता, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. तेल अंघोळीआधी लावून वरून साबण फासायचा, हा क्रम मात्र उलटा करावा.

टाचांच्या भेगांसाठी दोन जुने उपाय आहेत, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमसुलाचे तेल बाजारात पांढुरक्या लाडवासारखे मिळते. त्याचा तुकडा पळीत वितळवून झोपताना भेगेत भरतात, वरून मोजे. हा निर्धोक. दुसरा बिब्ब्याचा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्यातून सुटणारे काळे तेल थेंबाथेंबाने भेगेत सोडतात. भेग काळी होऊन मिटते, म्हणून या उपायाचे नाव अजून आहे. पण या तेलात जळजळीत फिनॉली द्रव्ये असतात. हेच तेल धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत आणि त्या खुणेखालीच अंगावर चट्टे उठत. एक-दोन दिवसांनी पाय सुजतो, फोड येतात, तेल चुकून हाताला लागले असेल तर तोंडालाही पसरते. याला ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. आजी मग खोबरे खायला आणि अंगाला लावायला सांगते. फोड आलेल्याने दवाखाना गाठावा.

संवेदनशील त्वचेसाठी घटकांची यादी जितकी छोटी तितकी चांगली. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द दिसला की ठेवून द्यावे. ‘हर्बल’ लिहिलेले असणे हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. बिब्बाही वनस्पतीच आहे. नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. खाज आली नाही तर अंगाला.

काही वेळा त्रास कोरडेपणाचा नसतोच. काँग्रेस गवताच्या वाऱ्याने मान, पापण्या आणि कोपराची लवण काळवंडून जाड होते. फवारणीचे औषध आणि कपाशीच्या बोंडांची वाळलेली टोकेही हात बिघडवतात. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटली तर खरूज. गोल कडा असलेला चट्टा बहुधा नायटा असतो आणि त्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित क्रीम चोळले की तो दबून पुन्हा पसरतो. फिकट, कोरडा, घाम न येणारा आणि बधिर डाग दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. वर्ध्याजवळचे दत्तपूर (१९३६) आणि वरोऱ्याची महारोगी सेवा समिती (१९४९) या कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांमुळे हा आजार विदर्भाला अनोळखी नाही. बधिर पायांसाठी रुग्णांना शिकवली जाणारी पद्धत उललेल्या टाचांनाही जशीच्या तशी लागू पडते: सुमारे २० मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवायचे, कडक कातडी वज्रीने हलके घासायची आणि न पुसता तेल किंवा जेली लावायची.

जेली, पॅराफिन आणि तेल कपड्यांत मुरतात. असे मुरलेले धोतर, लुगडे किंवा गोधडी साध्या कपड्यापेक्षा झपाट्याने पेटते आणि एका धुण्यात ते सगळे निघत नाही. पाय माखून शेकोटीला किंवा चुलीपुढे बसण्याआधी लावलेले जिरू द्यावे, आणि रात्रीची गोधडी विस्तवापासून लांब ठेवावी.